राज्य बदलले, वॉरंट तसेच

भारतातल्या कोणत्याही फौजदारी न्यायालयाने काढलेले अटक वॉरंट देशात कुठेही बजावता येते. नागपूरचे वॉरंट रायपुरात चालते, ठाण्याचे सुरतेत, सांगलीचे बेंगळुरूत. राज्याची हद्द ओलांडली की पोलिसांचे हात आखडतात ही समजूत बहुधा सिनेमांनी पसरवली असावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ७९ ती एका ओळीत निकालात काढते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम ७७ होते. नवी संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, पण त्याआधीचे खटले जुन्याच संहितेप्रमाणे पुढे चालतात. त्यामुळे वकिलांच्या बोलण्यात आणि अर्जांवर अजून दोन्ही आकडे दिसतात. या लेखात नव्या संहितेचे आकडे दिले आहेत.

दुसरी समजूत मुदतीची. वॉरंटवर आरोपीला हजर करण्याची तारीख लिहिलेली असते. ती उलटली की कागद निकामी झाला, किंवा सात वर्षे गेली की सगळे आपोआप मिटले, असे लोक छातीठोकपणे सांगतात. कलम ७२ नुसार वॉरंट दोनच प्रकारे संपते: ज्या न्यायालयाने काढले त्यानेच ते रद्द केले तर, नाहीतर ते बजावले गेले तर. मुदतीचा कायदा आहे, पण तो न्यायालयाने गुन्ह्याची दखल कधीपर्यंत घ्यायची यासाठी आहे. दखल घेऊन वॉरंट निघाल्यावर वर्षे मोजण्यात अर्थ नाही. आरोपी सापडतच नसेल तर महाराष्ट्रातली न्यायालये खटला डॉर्मंट फाईलवर टाकतात. मग तारखा पडायच्या थांबतात, पण वॉरंट उभेच राहते.

अशी झोपलेली वॉरंटे जागी होण्याचे हंगामही ठरलेले आहेत. निवडणुका लागल्या की प्रलंबित अजामीनपात्र वॉरंटे किती बजावली याचा हिशेब निवडणूक आयोग मागतो. गणेशोत्सवाच्या आधी किंवा एखाद्या ‘ऑल आउट’ मोहिमेत पोलीस ठाण्यातल्या वॉरंटांच्या गठ्ठ्यावरची धूळ झटकली जाते. परराज्यात राहणारा माणूस नेमका त्याच दिवसांत गौरी-गणपतीला गावी आलेला असतो. हवालदाराला बेंगळुरूचे तिकीट काढावे लागत नाही, तो सकाळी सहाला दार वाजवतो.

आता प्रश्न असा की सरळमार्गी माणसाच्या नावे वॉरंट निघतेच कसे? समजा, चिंचवडचा एक फर्निचरवाला आहे. प्लायवूडच्या व्यापाऱ्याला त्याने दिलेला धनादेश वटला नाही. धंदा बसला, भाड्याचे दुकान आणि घर दोन्ही सोडून तो मेहुण्याच्या आधाराने बेंगळुरूला गेला आणि तिथे नव्याने उभा राहिला. इकडे व्यापाऱ्याने परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली पुण्याच्या न्यायालयात तक्रार केली. समन्स चिंचवडच्या जुन्या पत्त्यावर गेले आणि ‘पत्ता सोडून गेला’ असा शेरा घेऊन परत आले. मग जामीनपात्र वॉरंट ठाण्याकडे गेले. अंमलदाराने अहवाल दिला, ‘दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही.’ पुढच्या तारखेला अजामीनपात्र वॉरंट निघाले. या सगळ्याची फर्निचरवाल्याला गंधवार्ताही नाही. निदान तो तरी तसे सांगेल, आणि पुष्कळदा ते खरेही असते.

असे आणखी किती तरी प्रकार आहेत. अपघाताच्या गुन्ह्यात जामिनावर सुटलेला ट्रकचालक पाच-सहा वर्षांनी खटला उभा राहतो तेव्हा गुजरातेत असतो. पोटगीची रक्कम थकवणाऱ्याविरुद्ध वसुलीचे वॉरंट निघते. आणि सर्वांत बिचारा म्हणजे पंच. रस्त्यावर उभा होता म्हणून पंचनाम्यावर सही केली, नोकरीसाठी हैदराबादला गेला, आणि साक्षीचे समन्स वारंवार परत आल्याने त्याच्या नावे वॉरंट निघाले. साक्षीदाराविरुद्धही वॉरंट काढता येते हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

वॉरंटांची चढण समजून घेतली तर पुढचे सोपे जाते. पहिली पायरी समन्स. ते माणूस घरी नसेल तर कुटुंबातल्या सज्ञान व्यक्तीकडे देता येते. जुन्या संहितेत यासाठी ‘पुरुष’ सदस्यच लागे, नव्या संहितेने ती अट काढली. तेही शक्य नसेल तर प्रत दारावर चिकटवता येते. दुसरी पायरी जामीनपात्र वॉरंट. यावर न्यायालयानेच लिहिलेले असते की इतक्या रकमेचा मुचलका आणि इतके जामीनदार दिले तर या माणसाला सोडा. हे वॉरंट घेऊन आलेला पोलीसच ठाण्यात कागद करून सोडू शकतो, फक्त दिलेल्या तारखेला न्यायालयात जायचे असते. तिसरी पायरी अजामीनपात्र वॉरंट, म्हणजे पकडून समोर आणा. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट सांगितले आहे की साधारणपणे याच क्रमाने जावे, पहिल्याच फटक्यात अजामीनपात्र वॉरंट काढू नये.

चौथी पायरी मात्र वेगळ्या जातीची आहे. वॉरंट काढूनही माणूस फरार आहे किंवा दडून बसला आहे अशी न्यायालयाची खात्री झाली तर कलम ८४ खाली उद्घोषणा निघते. किमान तीस दिवसांची मुदत देऊन हजर राहायला फर्मावले जाते, ते जाहीरपणे वाचले जाते, घरावर आणि न्यायालयात लावले जाते, प्रसंगी वर्तमानपत्रात येते. कलम ८५ खाली मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. उद्घोषणेनंतरही हजर न राहणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०९ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलम १३८ ची शिक्षा दोन वर्षांपर्यंत आहे. म्हणजे आपल्या फर्निचरवाल्याला मूळ गुन्ह्यापेक्षा न येण्याची शिक्षा जड पडू शकते. उद्घोषित माणसाला अटकपूर्व जामीन साधारणपणे मिळत नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. तेव्हा तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या मधला काळ फार मोलाचा.

या चढणीवरून एक गोष्ट दिसते. वॉरंट तुमच्या गुन्ह्याबद्दल काहीच म्हणत नाही. न्यायालय फक्त एवढेच म्हणत असते की हा माणूस बोलावून येत नाही. म्हणून त्यावरचा उपायही एकच, आणायला येण्याआधी आपण होऊन जाणे. निर्दोष असण्याचे पुरावे, तक्रारदाराचा खोटेपणा, हिशेबाच्या वह्या, हे सगळे नंतर. वॉरंट रद्द करण्याच्या अर्जात खटल्याची अख्खी कहाणी सांगणारे लोक न्यायाधीशाचा आणि स्वतःचा वेळ घालवतात.

जायचे, पण आधी नेमके काय थकले आहे ते कळायला हवे. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर जिल्हा व तालुका न्यायालयांतल्या खटल्यांची स्थिती कोणालाही पाहता येते. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. महाराष्ट्रातल्या खटल्याचा ‘एमएच’ने सुरू होतो. तो माहीत नसेल तर जिल्हा, न्यायालय संकुल, वर्ष आणि पक्षकाराचे नाव टाकून शोधता येते. नाव इंग्रजीत भरलेले असते आणि भरणाऱ्याने ते कसे लिहिले असेल याचा नेम नाही. चव्हाण, वाघ, शिर्के अशा आडनावांची दोन-तीन स्पेलिंगे करून पाहावीत. नाव जुळले म्हणून घाबरून जाऊ नये, वडिलांचे नाव आणि पत्ता जुळतो का ते बघावे. नामसाधर्म्यामुळे भलत्याच्याच दारात वॉरंट गेल्याची उदाहरणे आहेत.

खटला सापडला की ‘टप्पा’ या रकान्यात समन्स, वॉरंट, पुरावा असे काहीतरी दिसते. पण खरी माहिती रोजनाम्यात असते. समन्स कधी निघाले, बजावले गेले की परत आले, जामीनपात्र वॉरंट कधी, अजामीनपात्र कधी, उद्घोषणेचा अर्ज झाला आहे का, हे सगळे तारखेवार तिथे असते. त्या न्यायालयातल्या वकिलाकडून रोजनाम्याची प्रत काढून घ्या. समन्स एकदाही बजावले गेलेले नसेल तर तुमची बाजू भक्कम. जामिनावर असून तुम्हीच तारखांना जायचे बंद केले असेल तर ती कच्ची. अशा वेळी मुचलका जप्त होतो आणि तुमच्यासाठी उभ्या राहिलेल्या जामीनदारालाही नोटीस जाते. गावाकडचा चुलतभाऊ दोन वर्षे बोलत का नाही याचे कारण कधी कधी रोजनाम्यात सापडते.

इथे एक सावधगिरी. व्हॉट्सॲपवर वॉरंटचे छायाचित्र पाठवून, व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दाखवून ‘पैसे भरा, वॉरंट रद्द करतो’ म्हणणारे फोन सध्या घरोघरी येतात. परराज्यात राहणाऱ्याला ते जास्त खरे वाटतात, कारण पडताळायला जवळ कोणी नसते. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाचा प्रकार कायद्यात नाही. वॉरंट लेखी असते, त्यावर न्यायाधीशाची सही आणि न्यायालयाची मोहोर असते, खटल्याचा क्रमांक असतो. ते रद्द होते खुल्या न्यायालयात, कोणाच्या खात्यात पैसे भरून नव्हे. असा फोन आला तर ठेवून द्यावा आणि १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाईनवर कळवावे.

मग वकील. तो कुठला करायचा यात पुष्कळजण घोटाळा करतात. बेंगळुरूत राहता म्हणून बेंगळुरूचा वकील शोधला तर तो फार काही करू शकत नाही, कारण वॉरंट रद्द करण्याचा अधिकार ते काढणाऱ्या न्यायालयाला आहे. पोलीस ठाण्यालाही तो नाही. ओळखीच्या फौजदाराने ‘बघतो’ म्हटले तरी वॉरंट जिथल्या तिथेच असते, फार तर ते आणखी एक महिना गठ्ठ्यात खाली जाते. वकील पुण्याचा, शक्यतो त्याच न्यायालयात रोज उभा राहणारा. तिथल्या न्यायाधीशांचा कल, जामीनदार किती मागतात, रोख रक्कम भरून घेतात का, हे त्याला ठाऊक असते.

कलम ७२(२) खाली वॉरंट रद्द करण्याचा अर्ज दीड-दोन पानांचा असतो. गैरहजेरीचे कारण, आताचा पत्ता आणि यापुढे तारखांना हजर राहीन अशी हमी, एवढेच त्यात हवे. कारणाला कागद जोडावा: घर सोडल्याचा आणि नव्या घराचा भाडेकरार, बदलीचे पत्र, पत्ता बदललेले आधार, आजार असेल तर दवाखान्याचे कागद. ‘समन्स मिळाले नाही’ हे वाक्य न्यायाधीशांनी दिवसातून वीसदा ऐकलेले असते. तारखा जुळणारा भाडेकरार त्यांनी तेवढ्यांदा पाहिलेला नसतो.

प्रत्यक्ष जावे लागते का? पूर्वी उत्तर सरसकट ‘हो’ होते. सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये घालून दिलेल्या आणि २०२२ च्या निकालात कायम ठेवलेल्या सूचनांनी थोडी वाट मोकळी केली. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात, तपासात अटक झालेली नसेल आणि तपासाला सहकार्य केले असेल तर, अजामीनपात्र वॉरंट बजावले जाण्यापूर्वी आरोपीच्या वतीने अर्ज करता येतो. पुढच्या तारखेला स्वतः हजर राहण्याची हमी दिली तर आरोपी समोर नसतानाही न्यायालय ते वॉरंट रद्द करू शकते किंवा जामीनपात्र वॉरंटात वा समन्सात बदलू शकते. ‘बजावले जाण्यापूर्वी’ हे शब्द महत्त्वाचे. पोलीस दारात आल्यावर ही सवलत हातातून गेलेली असते. खालच्या न्यायालयात हा निकाल दाखवूनही ‘आधी आरोपीला आणा’ असे उत्तर मिळू शकते, तेव्हा तिकीट काढायची तयारी ठेवावी.

जायचे ठरले तर आठवड्याच्या सुरुवातीला जावे. शुक्रवारी गेलात, कागदात काही राहिले आणि दिवस संपला, तर शनिवार-रविवार कोठडीत काढायची वेळ येऊ शकते. न्यायालय सुरू होण्याआधी पोहोचावे. वकीलपत्र, अर्ज आणि जामिनाचा अर्ज एकदमच दाखल होतात. पुकारा झाल्यावर आरोपी पिंजऱ्यापाशी उभा राहतो. आदेश होऊन कागद पुरे होईपर्यंत तो न्यायालयाच्या ताब्यात मानला जातो, म्हणजे कोर्टात नेमलेल्या पोलिसाजवळच्या बाकावर बसायचे. एवढ्याने धीर सोडू नये. सौम्य प्रकरणात न्यायालय ताकीद देऊन किंवा थोडा खर्च बसवून जातमुचलक्यावर सोडते. जुना जामीन मोडला असेल तर नवा जामीनदार मागते.

परराज्यातल्या माणसाची गाडी इथेच अडते. जामीनदार हवा स्थानिक, त्याच्याकडे रेशनकार्ड, सातबारा किंवा पगारपत्रक, काही ठिकाणी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. तुमचे सगळे लोक आता बेंगळुरूत. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. दंडाधिकाऱ्यांनी त्याला दहा हजारांचा जामीन मागितला, आणि भाऊ जामीन राहायला तयार असताना त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. न्या. कृष्ण अय्यर यांनी यावर कडक शब्दांत लिहिले: परप्रांतात अटक झालेल्या भारतीयाने तिथलाच जमीनमालक कुठून आणायचा? तो निकाल आजही जागेवर आहे, आणि स्थानिक जामीनदार मागण्याची रीतही. व्यवहारी उपाय असा की अर्जातच रोख अनामत भरण्याची किंवा जामीनदार आणायला काही आठवडे देण्याची विनंती करावी. न्यायालयांच्या बाहेर दोन-तीन हजारांत मिळणारे भाडोत्री जामीनदार घेऊ नयेत. त्यांचे कागद बनावट निघाले तर नवा गुन्हा तुमच्या नावावर चढतो.

वॉरंट रद्द झाले की आनंदाने लगेच स्टेशन गाठू नये. न्यायालयातला आदेश आणि ठाण्यातला गठ्ठा यांच्यात अंतर असते. ते किती महाग पडू शकते हे मुंबईतल्या एका वकिलाच्या प्रकरणात दिसले. त्यांच्याविरुद्धचे वॉरंट न्यायालयाने रद्द केले होते. तरी १५ ऑगस्ट २००२ रोजी, न्यायालयांना सुट्टी असताना, त्यांना त्याच वॉरंटवर अटक झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०११ च्या निकालात वॉरंटांचे नियम बसवले गेले. न्यायालयात आणि ठाण्यात वॉरंटांची नोंदवही ठेवायची, वॉरंट रद्द झाले तर आदेशाची प्रत संबंधित ठाण्याला पाठवून न बजावलेले वॉरंट परत मागवायचे आणि आदेशाची एक प्रत आरोपीलाही द्यायची. ती प्रत मागून घ्या. शक्य असेल तर पत्र ठाण्यात पोहोचल्याची पोच वकिलाकडून मिळवा आणि दोन्ही कागदांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

आता उलटे घडले तर? तुम्ही निघण्याआधीच पुण्याचे पोलीस बेंगळुरूत आले तर काय होते?

इथे कायदा बराच तपशिलात जातो. पुण्याच्या न्यायालयाला वॉरंट थेट बेंगळुरूच्या पोलीस आयुक्तांकडे पाठवता येते. त्यासोबत आरोपाचा सारांश आणि जामिनाचा निर्णय करायला पुरेसे कागद पाठवणे बंधनकारक आहे. किंवा पुण्याचा पोलीस स्वतः वॉरंट घेऊन जातो आणि आधी तिथल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा किंवा ठाण्याच्या प्रमुखाचा त्यावर शेरा घेतो. उशीर केला तर आरोपी निसटेल अशी स्थिती असेल तर शेऱ्याविनाही अटक करता येते. अटक करणाऱ्याने वॉरंटचा मजकूर सांगायचा आणि मागितल्यास वॉरंट दाखवायचे, असे कलम ७७ म्हणते. मागा. शांतपणे, वाद न घालता, पण मागा. खटल्याचा क्रमांक आणि न्यायालयाचे नाव लिहून घरच्यांना कळवा. नातेवाइकाला खबर देणे हे पोलिसांचेही कर्तव्य आहे. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायला अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते.

वॉरंट ज्या जिल्ह्यात निघाले त्याच्या बाहेर अटक झाली तर आरोपीला थेट गाडीत घालून नेता येत नाही. कलम ८२ प्रमाणे त्याला आधी तिथल्या कार्यकारी दंडाधिकारी, पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांपुढे उभे करावे लागते. अपवाद असा की वॉरंट काढणारे न्यायालय अटकेच्या जागेपासून तीस किलोमीटरच्या आत असेल तर थेट तिथेच नेतात. कागलचे वॉरंट निपाणीत बजावले तर राज्य बदलते, पण या अपवादामुळे आरोपी सरळ कागलला येतो. बेंगळुरूचा माणूस मात्र आधी बेंगळुरूतच उभा राहतो. चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्ये आहे, प्रवासाचा वेळ त्यातून वगळला जातो.

या पहिल्या हजेरीतच पुष्कळ काही वाचवता येते, आणि नेमके इथेच कोणाला काही सुचत नाही. वॉरंट अजामीनपात्र म्हणजे गुन्हा अजामीनपात्र, असे लोक धरून चालतात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कलम १३८ चा गुन्हा जामीनपात्र आहे, तारखा चुकवल्याने त्यात निघालेले वॉरंट तेवढे अजामीनपात्र. कलम ८३ सांगते की गुन्हा जामीनपात्र असेल आणि आरोपी समाधानकारक जामीन द्यायला तयार असेल, तर स्थानिक अधिकाऱ्याने जामीन घेऊन मुचलका मूळ न्यायालयाकडे पाठवायचा. गुन्हा अजामीनपात्र असेल तर तिथले मुख्य न्यायदंडाधिकारी किंवा सत्र न्यायाधीश, सोबत आलेले कागद पाहून, जामीन देऊ शकतात. म्हणजे ज्या बेंगळुरूच्या वकिलाला मघाशी बाजूला ठेवले त्याचे काम आता आहे, आणि त्याने हे कलम बोटाने दाखवायला हवे. न दाखवल्यास बहुतेक वेळा ट्रान्झिट रिमांड, म्हणजे मूळ न्यायालयात नेईपर्यंतचा पोलिसांचा ताबा, मंजूर होतो आणि आरोपी पोलिसांबरोबर रात्रीच्या गाडीने पुण्याला येतो.

अटकेची चाहूल आधी लागली तर अटकपूर्व जामिनाचा एक आखूड प्रकार आहे, ट्रान्झिट जामीन. दुसऱ्या राज्यातल्या गुन्ह्यासाठी आपल्या राज्यातले उच्च किंवा सत्र न्यायालय थोड्या दिवसांचे संरक्षण देते, त्या अवधीत मूळ ठिकाणच्या न्यायालयात जायचे. २०२१ च्या ‘टूलकिट’ प्रकरणात दिल्ली पोलिसांकडे अजामीनपात्र वॉरंटे असताना मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका वकील तरुणीला तीन आठवडे आणि औरंगाबाद खंडपीठाने बीडच्या एका तरुणाला दहा दिवस असे संरक्षण दिले होते. अशा जामिनाला आधार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये पक्के केले, मात्र मूळ न्यायालयात लगेच का जाता येत नाही हे पटवावे लागते. चेकच्या खटल्यातल्या वॉरंटसाठी या वाटेला जाणे म्हणजे खर्च वाढवणे. तेवढ्या पैशांत पुण्याला चारदा जाऊन येता येईल.

वॉरंटचा निकाल लागला तरी खटला उरतोच. तो बेंगळुरूला हलवता येईल का, हा प्रश्न हमखास येतो. एका राज्यातला फौजदारी खटला दुसऱ्या राज्यात हलवण्याचा अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे, आणि आरोपीची गैरसोय हे एकटे कारण तिथे सहसा पुरत नाही. त्यापेक्षा कलम २२८ खाली कायमच्या हजेरीमाफीचा अर्ज करावा. वकील उभा राहील, ओळखीबद्दल वाद घालणार नाही आणि बोलावले की येईन, अशी हमी दिली तर समन्स खटल्यांत लांब राहणाऱ्या आरोपीला ही मुभा द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच म्हटले आहे. चेकचा खटला तर तडजोडीने मिटतो. राष्ट्रीय लोकअदालतीच्या दिवशी असे खटले ढिगाने निघतात. वॉरंट डोक्यावर असताना तक्रारदाराशी बोलणी करायला बळ नसते. ते उतरले की दोघेही हिशेबावर येतात.

वॉरंट उतरले की पासपोर्टची अडचणही सुटू लागते. पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम ६ प्रमाणे अर्जदाराविरुद्ध अटक वॉरंट असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. हातात असलेला पासपोर्ट याच कारणावरून जप्त किंवा रद्द करता येतो, म्हणून परदेशातल्या मराठी मुलांना घरगुती भांडणातल्या खटल्याचा पहिला पत्ता कित्येकदा नूतनीकरणाच्या वेळी लागतो. खटला चालू असलेल्यांना न्यायालयाच्या परवानगीने मर्यादित मुदतीचा पासपोर्ट मिळतो. वॉरंट उभे असताना ती परवानगी मागायला कोणत्या तोंडाने जाणार?

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नये. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीतली माणसे आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा देशभर चालणारा क्रमांक.

आणि ज्यांचा खटला चालू आहे पण अजून राज्य सोडलेले नाही, त्यांनी सामान बांधण्याआधी एक काम उरकावे. गॅस, बँक, शाळा यांना नवा पत्ता कळवतो तसा न्यायालयालाही अर्ज देऊन कळवावा, वकिलाला चालू मोबाईल क्रमांक द्यावा, आणि जामिनाच्या अटींत राज्य सोडण्यापूर्वी परवानगी घ्या असे लिहिले असेल तर ती घेऊनच निघावे. अर्ज अर्ध्या पानाचा असतो आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी मंजूर होतो.